ओपिऑइडच्या व्यसनावर गाइडलाइनप्रमाणे उपचार घ्यायचे तर पैसे नक्की जातात कुठे?

मेथाडोन हे औषध अमेरिकेत व्यसनावर साठेक वर्षं वापरलं जातंय. पेटंटबिटंट कधीच संपलं, जेनेरिक मिळतं, आणि एका माणसाचा एका दिवसाचा डोस नुसता औषध म्हणून धरला तर डॉलरच्या आतबाहेर पडतो. पण तोच माणूस वर्षभर रीतसर उपचारात राहिला तर खर्च येतो ६,५५२ डॉलर, म्हणजे आपले साडेपाच लाखांच्या आसपास. हा आकडा माझा नाही, तिथल्या नायडा नावाच्या सरकारी संस्थेने दिलेला आहे, तोही २०१६ च्या अंदाजावरून, आठवड्याला १२६ डॉलर या हिशोबाने. औषधाचे वर्षाचे तीनशे-चारशे डॉलर बाजूला काढा, मग उरलेले सहा हजार कशाचे?

मला हा प्रश्न पडतो कारण माझं कामच ते आहे. मी पुण्यात बसून अमेरिकन क्लिनिक्सचं मेडिकल बिलिंग करतो, नाइट शिफ्ट, क्लेम पाठवायचे, डिनायल आलं की इन्शुरन्सला फोन लावून तासभर होल्डवरचं म्युझिक ऐकायचं. त्यात व्यसनमुक्तीची क्लिनिक्सही असतात. पेशंटचं तोंड मी कधी बघत नाही पण त्याचं बिल ओळ न् ओळ बघतो, आणि ते बघून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय की या आजारात औषध महाग नाहीये, औषधाभोवतीचं सगळं महाग आहे. कटिंग दहा रुपयांचा आणि तिथवर जायला रिक्षा दीडशेची, असला प्रकार.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहितीय त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुटुंबातली सगळी मंडळी: अफू, मॉर्फिन, हेरॉईन, आपल्याकडे ज्याला गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणतात ते, शिवाय ऑक्सिकोडोनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि आता फेंटानिल. अमेरिकेत १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आली, कंपनीने डॉक्टरांना सांगितलं की हिची सवय फारशी लागत नाही, आणि पुढे काय झालं ते जगाला माहितीय. गोळ्या मिळेनाशा झाल्या तसे लोक हेरॉईनवर गेले, मग फेंटानिल आलं, आणि २०२२ मध्ये ड्रग ओव्हरडोसने तिथे सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली, त्यातली ८० हजारांच्या वर ओपिऑइडमुळे. २०२४ मध्ये सगळे ड्रग धरून हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. उतरला म्हणून बरं वाटतं, पण आकडा बघा.

या व्यसनात नुसतं 'सोड' म्हणून भागत नाही कारण बंद केलं की टर्की लागते, अंग मोडतं, उलट्या, जुलाब, झोप नाही, माणूस काहीही करून परत तिकडे जातो. म्हणून तीन औषधं आहेत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही स्वतःच ओपिऑइड आहेत पण सावकाश चालणारी, टर्की थांबवतात, तलफ कमी करतात, आणि नीट डोसमध्ये नशा देत नाहीत. तिसरं नॉल्ट्रेक्सोन, ते उलटं, मेंदूत ओपिऑइड जिथे जाऊन चिकटतं तो रिसेप्टरच अडवून ठेवतं, ते महिन्यातून एकदा इंजेक्शनने देतात पण त्याआधी साधारण ७ ते १० दिवस ओपिऑइड पूर्ण बंद असावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच होते, कारण ते आठ-दहा दिवसच तर निघत नाहीत.

गाइडलाइन म्हणजे काय तर तिथल्या व्यसनोपचार डॉक्टरांच्या संघटनेने, एएसएएमने, २०१५ मध्ये काढलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली नियमावली. ती बरीच जाडजूड आहे पण खर्चाच्या दृष्टीने तिच्यातलं थोडंच कामाचं आहे. औषध द्या. किती दिवस द्यायचं याला मुदत नाही, वर्षानुवर्षं चाललं तरी चालेल. नुसतं डिटॉक्स करून, म्हणजे चार-आठ दिवस टर्की काढून घरी पाठवणं हा उपचार नव्हे. समुपदेशन चांगलंच, पण पेशंट नको म्हणाला किंवा समुपदेशक मिळत नसला तर त्यासाठी औषध अडवू नका. शेवटचं वाक्य २०२० च्या सुधारणेतलं आहे आणि माझ्या मते त्या अख्ख्या कागदातलं पैशाच्या बाबतीत सगळ्यात मोठं वाक्य तेच.

कारण बघा, लोकांना वाटतं गाइडलाइन पाळायची म्हणजे खर्च वाढणार. इथे उलटं आहे. डॉक्टरांची गाइडलाइन म्हणते अडथळे कमी करा. अडथळे येतात कायद्यातून, इन्शुरन्सच्या अटींतून आणि जुन्या सवयीतून, पण बिलावर सगळं एकत्र छापून येतं त्यामुळे 'उपचार महाग आहेत' असं सरसकट वाटतं.

आता जरा बिल उघडून बघू. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर, त्याने मेथाडोन क्लिनिकचे पैसे द्यायला सुरुवात केली तीच मुळी १ जानेवारी २०२० पासून. त्याच्या आधी म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या खिशातून भरायचे किंवा दुसरी काही सोय बघायची. तर २०२० मध्ये मेडिकेअरने एका आठवड्याच्या मेथाडोन उपचाराला दर ठरवला २०७.४९ डॉलर. त्यात औषधाचे किती? ३५.२८. उरलेले १७२.२१ औषध सोडून बाकी सगळ्याचे. ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांचा आठवडा २५८.४७, त्यात औषध ८६.२६ आणि बाकीचं तेवढंच, १७२.२१. म्हणजे सरकारनेच लिहून दिलंय की मेथाडोनच्या प्रत्येक शंभर डॉलरमधले ऐंशीच्या वर औषधाचे नाहीत. आणि ते पस्तीस डॉलरसुद्धा मला उदारच वाटतात.

हे 'बाकी सगळं' म्हणजे काय ते कळायला मेथाडोन क्लिनिक कसं चालतं ते बघावं लागेल. अमेरिकेत व्यसनावरचं मेथाडोन साध्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही, डॉक्टरने चिठ्ठी लिहिली तरी नाही, त्यासाठी सरकारमान्य वेगळी क्लिनिक्स आहेत, देशभरात साधारण दोन हजार. हा सगळा कायदा १९७४ च्या सुमाराचा, निक्सनच्या काळातला. क्लिनिकमध्ये औषधाची तिजोरी लागते, तिचे नियम, तिची तपासणी, नर्स समोर उभी राहून डोस गिळताना बघणार, समुपदेशक, डॉक्टर, वर्षाला कमीत कमी ८ वेळा अचानक लघवीची तपासणी, आणि या प्रत्येक गोष्टीचा कागद. पूर्वीच्या नियमाने पहिले नव्वद दिवस आठवड्यातून फक्त एक डोस घरी न्यायला मिळायचा, म्हणजे बाकी सहा दिवस क्लिनिकच्या दारात, तीन महिन्यांत पंचाहत्तरच्या वर फेऱ्या. महिन्याभराचं औषध घरी न्यायला मिळेपर्यंत दोन वर्षं जायची.

या फेऱ्यांचे पैसे कुठल्याच क्लेममध्ये येत नाहीत. पेशंट पहाटे पाचला उठून गाडी काढतो, चाळीस-पन्नास मैल जातो, लाईन लावतो, मग कामावर उशिरा पोचतो, आणि असं रोज करणाऱ्याला नोकरीवर किती दिवस ठेवतील ते तुम्हीच सांगा. वायोमिंगसारख्या राज्यात तर वर्षानुवर्षं एकही मेथाडोन क्लिनिक नव्हतं, शेजारच्या राज्यात जा. मूल लहान असेल तर त्याला कुणाकडे ठेवायचं? अमेरिकन अर्थतज्ज्ञ याला पेशंटचा वेळखर्च म्हणतात आणि अभ्यासात घालतातही, पण बिलात तो शून्य असतो, म्हणून धोरण ठरवणाऱ्यालाही तो शून्यच दिसतो.

मग कोविड आला आणि नाइलाजाने मार्च २०२० मध्ये नियम सैल केले, स्थिर पेशंटला २८ दिवसांचं औषध घरी न्या म्हणाले. सगळ्यांना भीती, आता लोक मेथाडोन विकणार, मरणार. पुढे जेव्हा आकडे बघितले तेव्हा ओव्हरडोसच्या एकूण मृत्यूंमध्ये मेथाडोनचा हात असलेल्यांचं प्रमाण २०१९ मधल्या ४.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३.२ वर आलं होतं. वाढलं नाही, घटलं. तेव्हा कुठे २०२४ मध्ये नियम कायमचा बदलला, आता पहिल्या दोन आठवड्यांत सात दिवसांपर्यंतचं, पंधराव्या दिवसापासून चौदा दिवसांचं आणि एकतिसाव्या दिवसापासून अठ्ठावीस दिवसांचं औषध घरी देता येतं. देता येतं, द्यायलाच पाहिजे असं नाही. राज्यांचे स्वतःचे नियम वेगळे, आणि पेशंट रोज आला की क्लिनिकला पैसे मिळतात अशी जिथे जुनी पद्धत आहे तिथे क्लिनिकला त्याला घरी बसवण्याची काय घाई असणार, हा माझा आपला संशय.

लघवीच्या तपासणीवर थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त भानगड हिची असते. तपासणी दोन प्रकारची. एक साधा कप, त्यावर पट्ट्या असतात, पाच मिनिटांत रंग दिसतो, मेडिकेअर तिला साधारण साडेबारा डॉलर देतं. दुसरी लॅबमध्ये मशीनवरची पक्की तपासणी, ती किती प्रकारची ड्रग्ज मोजली त्यावर, मेडिकेअरच्या दराने ११४ पासून २४७ डॉलरपर्यंत. गाइडलाइन काय म्हणते? तपासणी करा, पण ती पेशंटच्या उपचारासाठी करा, पकडायला नाही, आणि पक्की तपासणी जिथे निकालावर शंका आहे किंवा निर्णय बदलणार आहे तिथे. आता प्रत्यक्षात काही ठिकाणी काय चालतं तर आला पेशंट की कप, कप झाला की सरसकट सगळ्यांचा नमुना लॅबला, सगळ्यात मोठं पॅनल, दर आठवड्याला. खाजगी इन्शुरन्सला याचं बिल हजारात लागलेलं मी स्वतः बघितलंय. औषधाचा महिना पन्नास डॉलर आणि लघवीचा महिना दोन हजार! २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या मिलेनियम हेल्थ या लॅबने २५.६ कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली, आरोप होता की गरज नसलेल्या तपासण्यांची बिलं लावली आणि डॉक्टरांना फुकट कप वाटले. एवढं होऊनही धंदा थांबला असं नाही, पण इन्शुरन्सवाले सावध झाले आणि आता ते खऱ्या गरजेची तपासणीही नाकारतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

ब्युप्रेनॉर्फिनची गोष्ट जरा बरी. हे २००२ पासून साध्या दवाखान्यातून देता येतं, पेशंट चिठ्ठी घेऊन मेडिकल स्टोअरमध्ये जातो, तिजोरी नाही, लाईन नाही. नायडाच्या त्याच अंदाजात याचा वर्षाचा खर्च ५,९८० डॉलर आहे पण तो आठवड्याला दोन भेटी धरून, आणि स्थिर पेशंट महिन्याला एकदा आला तरी पुरतं म्हणून तो बराच खाली येतो. जेनेरिक गोळ्या सवलतीचं कूपन लावून महिन्याला शंभर डॉलरच्या आत मिळू शकतात. पण इथेही वीस वर्षं एक विचित्र अडसर होता. दुखण्यावर ऑक्सिकोडोन लिहायला डॉक्टरला काही खास लागत नव्हतं, पण त्याच ऑक्सिकोडोनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन लिहायचं तर आठ तासांचं ट्रेनिंग, वेगळी परवानगी, आणि किती पेशंट घ्यायचे त्यावर मर्यादा, सुरुवातीला फक्त तीस. बहुतेक डॉक्टरांनी विचार केला, कोण या झंझटीत पडणार. ही परवानगी डिसेंबर २०२२ अखेर रद्द झाली. पण परवानगी गेली म्हणून डॉक्टर लगेच लिहायला लागले असं काही दिसत नाही, कारण भीती, लाज आणि 'तसले पेशंट आपल्या वेटिंग रूममध्ये नकोत' ही भावना कायद्याने रद्द होत नाही.

आणि मग आमचं आवडतं प्रायर ऑथ. म्हणजे औषध देण्याआधी इन्शुरन्सची परवानगी घ्यायची. फॉर्म भरा, लघवीचा रिपोर्ट जोडा, समुपदेशन चालू आहे असं लिहून द्या. बऱ्याच ठिकाणी ही अट काढून टाकलीय पण जिथे आहे तिथे शुक्रवारी संध्याकाळी क्लिनिकमधून मेसेज येतो की पेशंट फार्मसीच्या काउंटरवर उभा आहे, औषध अडलंय, आणि इन्शुरन्सचं ऑफिस सोमवारी उघडणार. टर्की लागलेल्या माणसाला सोमवार म्हणजे काय ते कळायला डॉक्टर असायची गरज नाही. एका फॉर्ममागे क्लिनिकच्या माणसाचा अर्धा-पाऊण तास जातो, त्याचा पगार शेवटी उपचाराच्या खर्चातच येतो, आणि माझा पगारही, खरं सांगायचं तर.

डोसचंही तसंच. फेंटानिल घेणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनचा जुना १६ मिलिग्रॅमचा डोस बरेचदा पुरत नाही, पण लेबलवरच्या शब्दांमुळे अनेक विमा कंपन्यांनी आणि राज्यांनी १६ किंवा २४ ही कमाल मर्यादा करून टाकली होती. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, लेबलची भाषा बदलायला सांगितली, की १६ हे काही कमाल नाही. इन्शुरन्सच्या कॉम्प्युटरमधली मर्यादा मात्र कुणीतरी बसून बदलावी लागते.

नॉल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन हा एकच असा पर्याय जिथे औषधच महाग आहे, सगळं मिळून वर्षाला १४,११२ डॉलर. तरी कोर्टाचे जज आणि तुरुंगवाले यालाच पसंती द्यायचे कारण हे ओपिऑइड नाही, 'एक नशा सोडून दुसरी' असं कुणी म्हणणार नाही. पण २०१८ मध्ये छापून आलेल्या मोठ्या तुलनेत या गटातल्या चारातल्या एकाहून जास्त लोकांना पहिलं इंजेक्शनही देता आलं नव्हतं, टर्कीचे दिवस निघालेच नाहीत. ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात असे फक्त सहा टक्के. सगळ्यात महाग औषध आणि तेच सुरू होत नाही.

मग गाइडलाइन न पाळण्याचा खर्च किती? मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर असताना मरण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. नुसतं डिटॉक्स करून बाहेर पडलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, तो जुनाच डोस घेतो आणि जातो. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचं २८ दिवसांचं रिहॅब, ज्याला लोक घर गहाण ठेवून पैसे भरतात, तिथे औषध देत नसतील तर ते गाइडलाइनपेक्षा कित्येक पट महाग आणि वर जास्त धोक्याचं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१७ सालचा हिशोब मांडला होता, ओपिऑइडचं व्यसन आणि त्यातले मृत्यू यांची देशाला किंमत एक लाख कोटी डॉलरच्या वर. यातला मोठा भाग गेलेल्या जिवांची आणि खराब झालेल्या आयुष्याची पैशात धरलेली किंमत आहे, हॉस्पिटलची बिलं त्यामानाने थोडी, तेव्हा हा आकडा कुणी तोंडावर फेकला तर हे लक्षात ठेवा. नायडाचा दुसरा एक अंदाज जास्त जमिनीवरचा आहे, उपचारावर एक डॉलर घातला की गुन्हे, कोर्ट, तुरुंग, चोऱ्या यातले ४ ते ७ डॉलर वाचतात.

वाचतात ना, मग विमा कंपन्या धावत का येत नाहीत? कारण वाचतात ते दुसऱ्याचे. तुरुंग सरकारचा, चोरी शेजाऱ्याची, पोरं सांभाळणार आजी. आणि अमेरिकेत माणूस नोकरी बदलली की विमा कंपनी बदलतो, म्हणजे आज जिने खर्च केला तिला पाच वर्षांनी फायदा मिळेल याची काही खात्री नाही. २०२१ मध्ये या आजाराच्या सुमारे २५ लाख प्रौढांपैकी जेमतेम २२ टक्क्यांना यातलं एखादं औषध मिळालं होतं. बाकीच्यांच्या बाबतीत खर्च 'वाचला'.

आपल्याकडचं दोन शब्दात. एम्सच्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे भारतात ७७ लाखांच्या आसपास लोकांना ओपिऑइडसाठी मदतीची गरज आहे. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं तेच गर्दच्या लाटेत, तेव्हा हा विषय आपल्याला नवा नाही. ब्युप्रेनॉर्फिन इथे बनतं, मुंबईचीच रुसान फार्मा बनवते, आणि पंजाबात २०१७ पासून सरकारी केंद्रांवर फुकट देतात. पण केमिस्टकडे मिळत नाही, केंद्रावरच जावं लागतं. म्हणजे गोळी शून्य रुपयाची आणि ती घ्यायला शेतमजुराची दिहाडी बुडते, बिल नाही एवढाच फरक.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, जी कुठल्या माहितीपत्रकात सहसा नसते. तिथे मुलगा किंवा मुलगी २६ वर्षांची होईपर्यंत आई-बापाच्या विम्यावर राहू शकते, आणि उपचार घेतले की विमा कंपनी कशाचे किती दिले याचा कागद ज्याच्या नावावर विमा आहे त्याच्या पत्त्यावर पाठवते. म्हणजे मुलाने गुपचूप क्लिनिक गाठलं तरी पंधरा दिवसांत बाबांच्या हातात पाकीट. या भीतीने विमा असूनही रोख पैसे भरणारी तरुण मुलं असतात, आणि रोखीचे पैसे संपले की उपचार संपतात. तर विमा कंपनीला लेखी सांगून हा कागद दुसऱ्या पत्त्यावर किंवा थेट स्वतःच्या ऑनलाइन खात्यात मागवता येतो, काही राज्यांत तर तसा स्पष्ट कायदाच आहे. फोन करून 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन रिक्वेस्ट' करायचीय असं म्हणायचं, मग ते सांगतील तसं लेखी द्यायचं, आणि पहिल्या भेटीच्या आधी करायचा फोन, क्लेम गेल्यावर नाही. आणि घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उलटवणारा, नाकातला स्प्रे ठेवा, सप्टेंबर २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो, दोन डोसचा डबा आला तेव्हा ४४.९९ डॉलरला होता.